एका कॅसेटच्या दोन बाजू

पत्राचा सारांश: पुण्याहून एका बहिणीने लिहिलं आहे. वय ३८, माहेर नगरचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. वडील चर्चच्या मंडळीत पेटी वाजवायचे, नाताळची गाणी बसवायचे, आणि रोज पहाटे रेडिओवर अभंग ऐकायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्या दिवसांत एका प्रार्थनागटाने या बहिणीला खूप सांभाळलं. आता त्याच गटाच्या प्रमुखांचं म्हणणं आहे की विश्वासणाऱ्याने ‘जगिक गाणी’ ऐकू नयेत, सिनेमाची नकोत आणि अभंग तर नकोतच, कारण त्या सुरांतच वेगळा आत्मा असतो. मोबाइलमधलं सगळं पुसा, जुन्या कॅसेट घरात ठेवू नका. बहिणीने मोबाइल साफ केला, पण बसमध्ये इअरफोन लावून त्या अभंग ऐकतातच आणि रात्री प्रार्थनेला बसलं की अपराधी वाटतं. १५ वर्षांचा मुलगा शिव्या भरलेलं रॅप ऐकतो. त्याला टोकलं तर म्हणतो, “तू बसमध्ये काय ऐकतेस ते मला माहीत आहे.” वडिलांच्या कॅसेटचा खोका कपाटावर आहे. नवरा म्हणतो, टाकून दे, वाद मिटेल. त्यातल्या एका कॅसेटच्या एका बाजूला वडिलांच्या आवाजातलं उत्तम शुक्रवारचं (गुड फ्रायडेचं) गीत आहे, दुसऱ्या बाजूला रेडिओवरून उतरवून घेतलेले अभंग. बहिणीचा प्रश्न: मी काय ऐकू शकते आणि काय नाही, ते एकदा स्पष्ट सांगा.

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी वाटलं, प्रश्न गाण्यांचा आहे. दुसऱ्या वेळी ध्यानात आलं की पत्रभर बाबाच आहेत. बाबांची पेटी, बाबांचा रेडिओ, बाबांचा खोका. यात मी चूक काढत नाही, दोनच तर वर्षं झालीत. पण पहाटेचा अभंग कानावर पडतो तेव्हा तुमच्या मनात नेमकं कोण येतं, पंढरपूरचा विठ्ठल की नगरच्या घरात चहाची वाट बघत बसलेले बाबा? तुमच्या गटप्रमुखांनी तुम्हाला हे विचारलेलं दिसत नाही. आधी तुम्हीच स्वतःला विचारा. उत्तर मला कळवायची गरज नाही.

यादी मात्र मी देणार नाही. आजवर त्यांची यादी पाळत होतात, उद्या माझी पाळाल, आणि तुमची विवेकबुद्धी होती तिथेच राहील. शिवाय माझी यादी थोडी सैल असल्यामुळे तुम्हाला ती आवडेल, आणि आवडलेली यादी जास्त घातक.

सुरांत आत्मा असतो, या म्हणण्यापासून सुरुवात करते. तुमच्या बाबांच्या पेटीचंच बघा. हार्मोनियम १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये घडली, मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर आपल्याकडे आली, चर्चमधून नाटकात गेली, नाटकातून देवळात. आज तिच्याशिवाय भजनी मंडळ बसत नाही. गंमत म्हणजे हीच पेटी परदेशी म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. म्हणजे एकाला ती फार देशी वाटते, दुसऱ्याला फार विलायती, आणि बिचारी पेटी भात्यातून वारा घेऊन सा लावते. चालींचंही तेच. उत्तम शुक्रवारी जगभरच्या चर्चमध्ये ख्रिस्ताच्या जखमी मस्तकाविषयीचं जे प्रसिद्ध गीत म्हटलं जातं, त्याची चाल हान्स लिओ हास्लर या जर्मन संगीतकाराच्या १६०१ सालच्या प्रेमगीताची आहे. एका मुलीने माझं मन गोंधळून टाकलंय, अशा अर्थाचं ते गाणं. पुढे बाख या जर्मन संगीतकाराने ती चाल ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या संगीतात पुन्हा पुन्हा वापरली. तिथे रडणाऱ्या कुणालाही ती मुलगी आठवत नाही.

तेव्हा सूर बाजूला ठेवूया. शब्दांचा प्रश्न खरा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही.

तुमच्या गटात ‘कुसंगतीने नीती बिघडते’ हे वचन वारंवार सांगितलं जातं, असं तुम्ही लिहिलंय. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातलं ते वचन, आणि वचन खरंच आहे. पण ते पौलाचं स्वतःचं नाही. मेनँडर नावाच्या ग्रीक नाटककाराची ती ओळ मानली जाते, आणि मेनँडर लिहायचा विनोदी नाटकं. म्हणजे जगिक गाण्यांपासून लांब राहा हे सांगायला आपण ज्या ओळीचा आधार घेतो, ती ओळच जगिक रंगभूमीवरून आलेली! अथेन्सला भाषण करतानाही पौलाने त्यांच्याच कवीची ओळ घेतली, ‘आपण वास्तविक त्याचा वंश आहोत’. मूळ कवितेत ती झ्यूस देवाविषयी होती. पौलाने दुसऱ्यांच्या कविता ऐकल्या होत्या, लक्षात ठेवल्या होत्या, आणि त्यात खरं काय ते त्याला दिसलं होतं. फिलिप्पैकरांना तो लिहितो त्या ओळीत आपल्या मराठी भाषांतराने ‘जे काही श्रवणीय’ असा शब्द योजलाय. मूळ ग्रीक शब्दाचा रोख कानाला गोड लागण्यावर नाही, ज्याच्याविषयी चांगलं बोललं जातं अशा गोष्टींवर आहे. पण मला त्यातल्या ‘जे काही’चं महत्त्व जास्त वाटतं. कुठे सापडेल ते त्याने लिहून ठेवलेलं नाही.

आता करिंथला जाऊ, कारण तुमचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी तिथे मांसाच्या रूपात येऊन गेलाय. देवळात बळी दिलेल्या जनावराचं मांस बाजारात विकायला यायचं. ख्रिस्ती माणसाने ते खावं का? आपल्याकडे दर गणपतीत शेजारून मोदक येतात आणि घरात हीच कुजबुज सुरू होते, त्यामुळे तुम्हाला समजावून सांगायला नको. पौलाचं उत्तर दोन टोकांना बांधलेलं आहे. मांसबाजारात विकतात ते विचारत न बसता खा, असं तो म्हणतो. आणि त्याच अध्यायात असंही म्हणतो की मूर्तीच्या देवळातल्या मेजवानीत भागी होऊन प्रभूच्या मेजाचे भागी होता येणार नाही. पदार्थ एकच. बाजारात तो अन्न आहे, देवळातल्या पंगतीत तो उपासना आहे.

अभंगाला हे लावून बघा. सकाळी भाकरी थापताना रेडिओवर अभंग लागलाय, तो कानावर येतोय, आवडतोय, हा झाला बाजार. सोसायटीच्या आरतीत ताम्हनासमोर टाळ घेऊन उभं राहून तोच अभंग म्हणणं, ही पंगत. मधल्या जागा बऱ्याच आहेत. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत शेवटी अभंग गायला जातो तेव्हा श्रोत्यांत बसणं? शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना दिंडी बसवून देणं? माझ्या मते पहिलं सहज चालावं, दुसऱ्यात विचार करावा. पण माझ्या ओळखीत दोन्हींना नाही म्हणणारे आहेत, दोन्हींना हो म्हणणारेही आहेत, आणि त्यांपैकी कुणाचाही विश्वास कच्चा नाही.

इथे एक सांगायलाच हवं. आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, “आम्ही फक्त संगीत ऐकतो, शब्दांकडे लक्ष देत नाही.” मला हे पटत नाही. तुकोबांचा अभंग ऐकायचा आणि तुकोबा काय म्हणतात तिकडे कान बंद करायचे, हा त्यांचा अपमान आहे आणि ज्या शेजाऱ्यांची ती प्रार्थना आहे त्यांचाही. ऐकायचाच तर दुसऱ्या माणसाची प्रार्थना म्हणून आदराने, पुरता ऐका. त्यातलं काय तुमच्या ओठांवर येऊ शकतं आणि काय येऊ शकत नाही, हे मग आपोआप कळेल. देवासाठीची तळमळ, स्वतःच्या ढोंगाचा राग, गर्वाला मारलेल्या चपराका हे सगळं तुमचंही आहे. विठ्ठलाचं नाव तुमच्या प्रार्थनेत नाही. ते नसणं प्रामाणिकपणे मान्य करून ऐकता येतं.

नारायण वामन टिळकांचं नाव तुम्हाला नव्याने सांगायला नको, नगरच्या आहात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी सांगायचा की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. पलीकडे पोहोचल्यावर त्यांनी पूल पाडला नाही. ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, कीर्तनं केली, आणि आज ‘उपासनासंगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडून आपण जे गातो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. तुमच्या बाबांनी रविवारी पेटीवर जे वाजवलं आणि सोमवारी पहाटे जे ऐकलं, त्यांची वीण एकच होती. त्यांना ते ठाऊक असणार, असं मला आपलं वाटतं.

त्याही आधी, १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीने ख्रिस्ताचं चरित्र लिहायला मराठी ओवी निवडली. ज्ञानेश्वरीची ओवी. सुमारे ११ हजार ओव्यांचं ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापलं गेलं. आणि त्याच गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून ख्रिस्ती घरांच्या लग्नांतल्या ओव्या आणि देशी वाद्यं बंद केली. एकाच चर्चची ही दोन तोंडं. फर्मान गेलं, इन्क्विझिशनही गेलं. लग्नाआधी रोसाच्या दिवशी वधूवरांना नारळाचा रस लावताना बायका अजून ओव्या म्हणतात.

सिनेमाच्या गाण्यांवर फार लिहीत नाही. स्त्रीपुरुषांचं प्रेम गाण्यात येणंच अशुद्ध असतं तर ‘गीतरत्न’ हे पुस्तक पवित्र शास्त्रात राहिलं नसतं. नवऱ्याबरोबर जुनी गाणी ऐका. तोही जरा कमी चिडेल.

इथवर वाचून तुम्हाला वाटत असेल की मी तुम्हाला मोकळं सोडलं. तसं नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाच्या शेवटी पौल म्हणतो की मनात संशय ठेवून जो खातो तो दोषी ठरतो, कारण ते विश्वासाने केलेलं नाही. तुम्ही बसमध्ये नेमकं हेच करताय. अभंग ऐकणं पाप आहे असं मला वाटत नाही. पण पाप आहे असं मानून, लपून ऐकणं तुमच्यासाठी चांगलं नाही. रोज सकाळी कात्रज ते डेक्कन तुम्ही स्वतःला दोन तोंडांनी जगायची सवय लावताय, आणि मुलाने ते बरोबर ओळखलंय. म्हणून माझं पहिलं सांगणं हे: मनाचा निकाल लागेपर्यंत इअरफोन पर्समध्ये राहू द्या. कुणी सांगितलं म्हणून नाही, आणि कायमचेही नाही. उपवासकाळ पाळतो तसे ४० दिवस ठरवा. त्या दिवसांत अभंगही नको, आराधनेची गाणीही नकोत. बस, खिडकी आणि तुम्ही. कशाची उणीव भासते ते बघा. बाबांची भासली तर रडा, वहीत चार ओळी लिहा, नगरला आईला फोन करा. ४० दिवसांनी जे परत घ्यावंसं वाटेल ते उघडपणे घ्या, घरात, स्पीकरवर.

आराधनेची गाणीही बंद ठेवायला सांगितली, त्याला कारण आहे. संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात कबूल करतो की गायल्या जाणाऱ्या वचनापेक्षा गाणंच जेव्हा मला जास्त हलवतं, तेव्हा माझ्याकडून पाप होतं. तो चर्चमधल्या स्तोत्रांविषयी बोलत होता! लेबलावर ख्रिस्ताचं नाव असलं की आपण तपासणं सोडून देतो. हल्लीच्या काही आराधनागीतांत वीस मिनिटं ‘मला दे, मला भर, मला उचल’ सोडून काही नसतं, आणि दिवे मंद करून ड्रम वाढवला की येणाऱ्या शहाऱ्याला आपण आत्म्याचं काम म्हणतो. असेलही. आमोस संदेष्ट्याला मात्र देवाने सांगितलं होतं की तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर न्या, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. ती जगिक गाणी नव्हती, ताई. मंदिरातली होती.

आता दुर्बळ बंधूचा मुद्दा, कारण तो गटात नक्की निघेल. “तुला चालत असेल, पण दुसऱ्याला अडखळण होते.” पौलाने हे सांगितलंय आणि ते मानायलाच हवं, फक्त कोणाला लागू आहे ते नीट बघून. रोमकरांस पत्रात दुर्बळ कोण? ज्याच्यावर बंधनं जास्त, जो फक्त शाकभाजी खातो, तो. दुर्बळ म्हणजे ज्याला खरोखर इजा होईल असा माणूस. तुमच्या गटात कुणी वारकरी घरातून आलेली बहीण असेल, बाप्तिस्म्यापायी माहेर तुटलेली, अभंग ऐकला की जिच्या पोटात कालवतं, तर ती घरी येईल त्या दिवशी रेडिओ लावू नका. तिच्याजवळ त्याचा उल्लेखही करू नका. हे प्रेम आहे आणि त्यासाठी मोकळीक सोडावी. पण जे अडखळत नाहीत, फक्त नाराज होतात, ते दुर्बळ नव्हेत. त्यांच्याशी बोलावं लागेल.

गटप्रमुखांशी एकट्याने, चहावर बोला, सभेत नको. तुमच्या वाईट काळात त्यांनी दार उघडं ठेवलं, ते आधी मनापासून सांगा. मग सांगा की यावर मी प्रार्थना आणि वाचन करते आहे, निकाल लागला की तुम्हाला आडून नाही, समोर सांगेन. रोमकरांस चौदावा अध्याय दोघांनी मिळून वाचा. ते म्हणाले की आपण दोघं वेगळं मानतो, पण तू आमचीच, तर तिथे राहा. सभेत तुमचं नाव न घेता तुमच्यावर संदेश झाला, तर मात्र दुसरी जागा शोधायला हरकत नाही. पुण्यात मंडळ्यांची वाण नाही.

राहिला मुलगा. त्याला आज काहीही मनाई करू नका, आज तुमच्या शब्दाला वजन नाही. आधी त्याला खरं सांगा: “मी लपवून ऐकत होते, ते चुकलं. आता ४० दिवस थांबले आहे.” मग त्याच्या आवडीचं एक गाणं त्याच्याबरोबर इअरफोन न लावता पूर्ण ऐका. चेहरा शक्य तितका सरळ ठेवा. शिवीवर अडकू नका. त्याला विचारा, हा माणूस कशावर चिडलाय? रॅपमध्ये गल्लीतल्या मुलाचा खरा राग असू शकतो, आणि खऱ्या रागाला शास्त्रात जागा आहे. १३७ वं स्तोत्र शेवटपर्यंत मोठ्याने वाचून बघा, मुलगा चकित होईल. पण राग मांडणं वेगळं आणि कुणाला तरी चिरडून मजा घेणं वेगळं. गाण्यात बाई माणूस आहे की वस्तू, हे त्यालाच ठरवू द्या. १५ वर्षांच्या मुलाला हे कळतं, आपण विचारत नाही. घरात एकच नियम करा: कुणाची, विशेषतः बाईची, विटंबना करणारं गाणं स्पीकरवर लागणार नाही. हा नियम तुमच्या आवडत्या जुन्या सिनेमातल्या, नकार देणाऱ्या मुलीचा पिच्छा पुरवणाऱ्या नायकाच्या गाण्यालाही लागू राहील. मुलगा तो लगेच दाखवून देईल, तयारी ठेवा.

कॅसेटचा खोका टाकू नका. निदान या वर्षी तरी नाही. माणूस गेल्यावर दोन वर्षांत घेतलेले असले निर्णय पुढे फार सलतात. नवऱ्याला सांगा की वाद खोक्यात नाहीये. खोका कपाटावरून खाली काढा, तिथे पावसाळ्यात दमट होतं आणि टेपला बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, टेपरेकॉर्डरचं हेड खराब होतं आणि टेप तुटते. जुन्या ध्वनिफिती संगणकावर उतरवून देणारे लोक पुण्यात आहेत, त्यांच्याकडे सगळ्यात आधी ती एक कॅसेट न्या. बाबांच्या आवाजाची बाजू तर उतरवून घ्याच. दुसरीही घ्या, पैसे तेवढेच पडतील. ती कधी लावायची हे ४० दिवसांनंतर बघा. उतरवणाऱ्याला एवढं नक्की सांगा की मधल्या रिकाम्या जागा कापू नका. घरी टेप केलेल्या कॅसेटमध्ये गाणं संपल्यावर बटण दाबेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि तेवढ्यात कुणीतरी खोकतं, कुणीतरी चहाला हाक मारतं.